पहिल्याच प्रयत्नात

“वैजू, ‘मिक्स्ड’वर बोट न्यायचं नाही. कुणी कितीही गोड बोललं, तरी नाही.”

माधवराव जाऊन आता दुसरं वर्ष लागलं होतं, पण राउटरचा हिरवा दिवा दिसला की वैजयंतीबाईंना हा आवाज हमखास ऐकू यायचा. टेलिफोन खात्यात उमेदीची सगळी वर्षं काढलेला माणूस. देवघराशेजारच्या कोनाड्यात त्यांनी स्वतःच्या हाताने राउटर बसवला आणि सेटिंग मात्र बायकोकडून करून घेतली. मी आज आहे, उद्या नाही, तुला यायला हवं, असं म्हणत.

“दोन पर्याय दिसतायत? एकात नुसतं डब्ल्यूपीए-थ्री, म्हणजे वायफायचं नवं कुलूप. दुसऱ्यात थ्री आणि जुनं टू, दोन्ही. तेच मिक्स्ड. कंपनीवाले तेच ठेवून देतात, कुणाचा जुना टीव्ही जोडला जात नाही म्हणून तक्रार यायला नको.”

“मग आपला टीव्ही?”

“आपला टीव्ही गेला खड्ड्यात.”

“अहो, देवापाशी बसलोय.”

“बरं, माळ्यावर गेला. पण ऐक नीट. जुन्या पद्धतीत काय व्हायचं, फोन आणि राउटर एकमेकांची ओळख पटवताना जे बोलतात ते हवेतून कुणालाही टिपता यायचं. साबणावर किल्लीचा ठसा घ्यावा तसं. ठसा घेऊन चोर आपल्या घरी जायचा आणि निवांत बसून लाखो किल्ल्या घासून बघायचा. आपल्याला पत्ताच नाही. नव्या पद्धतीत ठसा उमटतच नाही. चोराला आपल्या दाराशी उभं राहून एकेक किल्ली लावून बघावी लागते. चुकलेली प्रत्येक किल्ली राउटर लक्षात ठेवतो, आणि पाच-सहा चुकल्या की दारच धरून बसतो.”

“आणि मिक्स्ड ठेवलं तर?”

“तर चोर म्हणतो, मला बापड्याला नवीन काही येत नाही, जुन्या भाषेत बोला. आणि आपला राउटर भोळसटासारखा बोलायला लागतो.”

मग पासवर्डची वेळ आली. लिहून ठेवायचा नाही, वाढदिवस नाही, देवाचं नाव तर अजिबात नाही, निम्म्या कराडचा पासवर्ड देवाच्या नावाचा आहे, असं माधवराव म्हणाले. “झोपेतसुद्धा तुझ्या तोंडून जाणार नाही असं काहीतरी शोध. मलाही सांगू नकोस.” आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले.

वैजयंतीबाईंना शोधावं लागलंच नाही. परकर-पोलक्याच्या वयात नदीकाठच्या मठात अप्पाबुवांनी त्यांच्या उजव्या कानात सांगितलेला मंत्र होता. आई गेली, तिला कळला नाही. नवऱ्याशी इतका संसार झाला, त्याला कळला नाही. “उच्चारलास तर तो तुझ्यापाशी राहायचा नाही, बाळ,” बुवा म्हणाले होते. त्यांनी मनातल्या मनात क्षमा मागितली आणि तो देवनागरीत, मात्रांसकट, राउटरमध्ये घातला. देवाच्या शेजारीच तर ठेवतोय, असं स्वतःला समजावलं.

*

पुढे काही दिवसांनी राउटरना घरातली माणसं कळायला लागली.

तसं पाहिलं तर त्यात चमत्कार नव्हता. माणसाच्या शरीरात बहुतेक पाणीच, आणि वायफायच्या लहरींना पाणी आडवं आलं की त्या थोड्या शोषल्या जातात, थोड्या परततात. माणूस चालला की घरभर पसरलेल्या लहरींची घडी विस्कटते. श्वास घेताना छाती चार-पाच मिलिमीटर वर येते, तेवढ्यानेही बारीकशी सुरकुती पडते. या सुरकुत्या वाचायला शिकवलेला एक प्रोग्राम कंपन्यांनी राउटरमध्ये घातला आणि त्याला ‘स्पंद’ असं नाव दिलं. घरात कॅमेरा नको, हातात पट्टा नको. मोबाइलवर घरातल्या प्रत्येक माणसाची एक रेघ उमटते. ती उठली, बसली, पडली, तिचा श्वास संथ आहे की धापा टाकतोय, सगळं. फक्त त्या घराच्या वायफायला पासवर्ड टाकून एकदा जोडलेल्या फोनलाच ते दिसायचं, मग तो फोन कुठेही असो.

माधवराव न्हाणीघरात कोसळले तेव्हा वैजयंतीबाई मठात होत्या. स्पंदने त्यांचा फोन वाजवला, शेजाऱ्यांचा वाजवला, ॲम्ब्युलन्स बोलावली. त्या यंत्राने नवरा आणखी वर्षभर दिला होता. ते गेल्यावरही वैजयंतीबाईंनी स्पंद चालू ठेवलं. सकाळी देवापुढे निरांजन फिरवलं की त्या राउटरकडेही एकदा बघून हात जोडायच्या, आणि मग आपल्याच वेडेपणाला हसायच्या.

त्यांचा दिवस नियमांनी बांधलेला होता. उजाडता स्नान, चहाच्या आधी माळ, गुरुवारी दुपारी बारापर्यंत मौन. आणि खोटं बोलायचं नाही. हा शेवटचा नियम त्यांनी कुणाला सांगितला नव्हता, पण अख्ख्या नात्यागोत्याला माहीत होता. लग्नं ठरवताना लोक मुद्दाम त्यांना विचारायचे, “वैजूताई, मुलगी कशी आहे हो?” आणि उत्तर यायला वेळ लागला की समजून जायचे.

ऋजुता त्यांच्या दारात आली ती संध्याकाळी, दिवेलागणीला. ऋजुता म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची, निरुपमाची सून. कौस्तुभची बायको. खांद्याला एक पिशवी, मनगट सुजून दुप्पट झालेलं, आणि दम्याने छाती सुं-सुं वाजतेय.

“मावशी, आत येऊ?”

वैजयंतीबाईंनी तिला आत घेतलं, हळद गरम करून मनगटाला लावली, आणि काही विचारलं नाही. जेवताना ऋजुता आपणहून बोलली. पहिल्यांदा झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, तापट आहे, पण मनाचा चांगला आहे. दुसऱ्यांदा म्हणाल्या, तूच कशाला उत्तर देतेस. या खेपेला त्या स्वयंपाकघरात होत्या. बाहेर आल्याच नाहीत. मिक्सर लावला त्यांनी.

वैजयंतीबाईंचा हात भाताच्या पातेल्यावर तसाच थांबला. “निरूनं?”

“हो. मिक्सर.”

माहेरी तिला कुणी नव्हतं. वकील पाहायचा, अर्ज करायचा, तोवर लपायला जागा हवी होती. तिने भिंतीवरच्या कोनाड्यात लुकलुकणारा दिवा पाहिला. “मावशी, ते स्पंद बंद करता येईल? आमच्याकडे कौस्तुभ त्यावरूनच... मी गच्चीत गेले तरी त्याला ऑफिसात कळायचं.”

“तुझी छाती अशी वाजतेय, बाळ. तुला दम लागला आणि मी मठात असले तर? राहू दे ते. बाहेरच्या कुणाला दिसायचं नाही. यांनी मला काटेकोर करून दिलंय सगळं.” आणि त्या देवघराकडे तोंड करून म्हणाल्या, “तू इथे आहेस हे या घरातून कुणाला कळणार नाही. आणि कोर्टात उभं राहायची वेळ आली, तर जे खरं ते मी सांगेन. शब्द देते तुला.”

*

निरू आली ती नेमकी गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमारास. हातात मठातल्या प्रसादाची वाटी.

बेल वाजल्यावर ऋजुता आतल्या खोलीत गेली. वैजयंतीबाईंनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवून मौन असल्याचं दाखवलं आणि बहिणीला बसायला आसन दिलं. एरवी निरू अशा वेळी वाटी ठेवून निघून जायची. आज ती ठाण मांडून बसली.

“अक्का, मी तुला काही बोलायला लावत नाही. फक्त मान हलव. ऋजुता इथे आहे का?”

वैजयंतीबाईंनी मान हलवली नाही. ना होकाराची, ना नकाराची.

“तू खोटं बोलत नाहीस म्हणून विचारतेय. कौस्तुभ जेवत नाही गं. लोक विचारतात, सून कुठाय. काय सांगू मी?” निरूच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. “बरं, राहू दे. तू तुझी माळ कर. मी बसते जरा इथेच, तुझ्यासमोर. किती दिवसांत बसलो नाही आपण.”

त्या शेवटच्या वाक्याने वैजयंतीबाई विरघळल्या. त्यांनी गोमुखीत हात घातला आणि डोळे मिटले. नेहमीसारखेच त्यांचे ओठ आवाजाविना हलू लागले. मध्येच एकदा त्यांनी डोळे किलकिले केले, तेव्हा निरू मांडीवरच्या फोनमध्ये काहीतरी लिहीत होती. कौस्तुभला निरोप देत असेल, असं त्यांना वाटलं. जाताना निरूने वाकून नमस्कार केला. बहीण बहिणीला करते तसा नव्हे, देवळात करतात तसा.

*

“हे ओळखता का, वैजयंतीताई?”

ॲडव्होकेट रेहाना मुल्लांनी आपल्या टेबलावरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांचं ऑफिस कोर्टाच्या मागच्या गल्लीत, खाली झेरॉक्सचं दुकान, वर त्या. ऋजुताचा वेगळं राहण्याचा आणि संरक्षणाचा अर्ज त्यांनीच दाखल केला होता. आज समोरच्या पक्षाचं उत्तर आलं होतं.

पडद्यावर दोन रेघा होत्या, एक निळी, एक तांबडी. कित्येक दिवसांच्या, एकाखाली एक.

“कौस्तुभचं म्हणणं असं, की बायकोचं मन थाऱ्यावर नाही. रात्री उठते, येरझारा घालते, श्वास घोड्यासारखा धावतो. ही तांबडी रेघ पुरावा म्हणून लावलीय. आता नवीन कायद्याप्रमाणे उपचारांसाठी नवऱ्याच्या देखरेखीत द्या, अशी मागणी आहे. देखरेख म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.”

“मी घाबरते म्हणून उठते,” ऋजुता म्हणाली. “मला वाटतं तो जिन्यात आहे.”

“मला माहितीये गं. रेघेला ते माहीत नाही ना.”

वैजयंतीबाईंचं लक्ष तांबड्या रेघेकडे नव्हतं. त्या निळीकडे पाहत होत्या. पहाटे ती रेघ जागी व्हायची. थोडी हालायची, आणि मग लांबच लांब, संथ, एकसारखी होत जायची. नदी डोहात शिरल्यावर होते तशी. रोज त्याच वेळेला, रोज तितकाच वेळ. तो त्यांचा जप होता. देवाशिवाय कुणी पाहिला नव्हता, तो कागदपत्र म्हणून इथे लावला होता. कुणीतरी कोपऱ्यात ‘वृद्ध महिला, झोपेत’ असं लिहूनही ठेवलं होतं.

त्यांनी पदर अंगाभोवती ओढून घेतला.

“हे माझ्या घरातलं आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “पण हे कसं शक्य आहे? माझी सेटिंग...”

“तुमचं वायफाय कुणीतरी फोडलं असणार, ताई. मिक्स्डवर असेल. सगळ्यांचं असतं.”

वैजयंतीबाईंना एकदम हायसं वाटलं. असेलही. अपडेट आला असेल, आपोआप मिक्स्ड झालं असेल, आणि कुणा भाड्याच्या परक्या माणसाने गाडीत बसून तो साबणावरचा ठसा घेतला असेल. कौस्तुभने पैसे चारले असतील. असंच असू दे, परमेश्वरा, असं त्या रिक्षात बसून मनाशी म्हणत राहिल्या.

*

घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, देवाला दिवा लावला आणि मग चष्मा लावून राउटरचं पान उघडलं. माधवरावांनी शिकवलेल्या क्रमाने.

सेटिंग होती तशीच होती. डब्ल्यूपीए-थ्री. फक्त थ्री. मिक्स्डचा चौकोन रिकामा.

म्हणजे ठसा कुणालाही घेता आला नसता. जो आला तो दाराशी उभा राहूनच आला होता, एकेक किल्ली लावून. त्यांनी चुकलेल्या प्रयत्नांचं पान उघडलं. ते कोरं होतं. गेल्या सहा महिन्यांत एकही चुकलेली किल्ली नव्हती.

नवीन जोडणी मात्र एक होती. अनोळखी फोन. हल्लीचे फोन आपलं नाव लपवतात, त्यामुळे नुसता आकड्यांचा पुंजका. वार गुरुवार. वेळ सकाळी दहा वाजून गेल्यावरची. पासवर्ड पहिल्याच प्रयत्नात बरोबर.

“मावशी, काय झालं?” ऋजुता पाणी घेऊन आली. “तुमचा चेहरा...”

“काही नाही. बसू दे मला जरा.”

अप्पाबुवांचा मठ त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. शेणाने सारवलेली जमीन, ओल्या केसांच्या दोन मुली मांडीला मांडी लावून बसलेल्या. बुवांनी आधी थोरलीच्या कानात सांगितलं, मग धाकटीच्या. बाहेर येऊन कृष्णेच्या पायऱ्यांवर दोघी समोरासमोर जपाला बसल्या. नवा नवा मंत्र, उत्साह मोठा. दोघींनी एकाच क्षणी डोळे उघडले आणि पाहिलं, की समोरचीचे ओठ अगदी आपल्यासारखेच मिटतात, उघडतात, पुढे येतात. निरू फिस्सकन हसली. “अक्का, तुझाही तो...” वैजयंतीने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. बोलायचं नाही, निरू. कधीच नाही. त्या हाताखाली निरू अजून हसत होती, तिचे दात तळव्याला लागत होते.

त्यानंतर पन्नास वर्षांत दोघी त्यावर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. ते न बोललेलं त्यांचं दोघींचं होतं. बाकी नात्यात काय कमी-जास्त व्हायचं ते होवो, पायऱ्यांवरची ती एक गोष्ट कुणी काढून घेऊ शकणार नाही, अशी वैजयंतीबाईंची समजूत होती.

आणि निरूने समोर बसून, आपल्या ओठांकडे बघत, तीच अक्षरं अंगठ्याने टिपून घेतली होती.

माधवरावांनी दार इतकं पक्कं करून दिलं होतं, की परक्यावर संशय घ्यायलाही जागा उरली नव्हती. ढिसाळ सेटिंग असती तर आज निदान एखादा चोर तरी मनाशी धरता आला असता. त्या रिकाम्या चौकोनाकडे वैजयंतीबाई बराच वेळ पाहत राहिल्या. तिथे आपणच बोट नेलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

*

निरू त्यांना घाटावर भेटली, कृष्णा आणि कोयना मिळतात तिथे. सकाळचं कोवळं ऊन होतं. निरूच्या हातात फुलांची परडी, कपाळाला गंध. वैजयंतीबाईंना पाहून तिने शेजारची पायरी पदराने झटकली.

“बस अक्का. मला वाटलंच होतं तू येशील.”

“निरू, एकच विचारते. तुझ्या फोनमधून?”

निरूने परडीतलं एक फूल उचललं आणि पुन्हा ठेवलं. “सून माझी. मी शोधायचं नाही?”

“माझ्यासमोर बसून? माझ्या मौनात?”

“मग काय करू? तू बोलत नाहीस. बोललीस तर खोटं बोलत नाहीस. आणि कुलूप घालायचं म्हटलं की तू दुसरं काय घालणार, हे मला माहीत होतं. मला एवढंच कळायला हवं होतं, आत एक माणूस श्वास घेतंय की दोन. तिचा दम्याचा श्वास मी ओळखते, दोन वर्षं भिंतीपलीकडून ऐकलाय.”

“भिंतीपलीकडून आणखीही काही ऐकलंस. तेव्हा मिक्सर लावलास.”

निरूचा चेहरा क्षणभर उतरला. मग ती घाईघाईने बोलू लागली. “तुला मूल नाही, अक्का, तुला नाही कळायचं. तो माझा एकुलता एक. कोर्टकचेरी झाली तर नोकरी जाईल त्याची. ती परत आली की मी बघेन ना. मी समजावेन त्याला.”

“इतके दिवस समजावलंस?”

“तू नेहमी अशीच. देवाच्या बाजूला उभी राहून बोलतेस.” निरू पाण्याकडे बघत होती. “आणि हे बघ, आमचे वकील म्हणतात, चोरी वगैरे काही नाही. बहिणीनं बहिणीला पासवर्ड सांगितला. फोनवर. घरोघरी सांगतात.”

“मी तुला सांगितला?”

“असं मी सांगणार आहे.”

“आणि तो पासवर्ड काय आहे, असं जज्जांनी विचारलं तर?”

निरूने आता प्रथमच बहिणीकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. उलट एक खात्री होती, लहानपणापासून ओळखत असलेल्या माणसाबद्दल असते तशी. “मी म्हणेन, विसरले. आणि तू सांगणार नाहीस. तू तुझ्या नवऱ्याला सांगितला नाहीस, अक्का. भर कोर्टात, वकील-शिपायांसमोर मंत्र सांगशील तू?”

वैजयंतीबाईंना वाटलं होतं, निरूने त्यांचा मंत्र चोरला. ते तेवढंच नव्हतं. त्यांचं खरं बोलणं, त्यांचं मौन, त्यांची श्रद्धा, एकेक मोजून तिने कामाला लावलं होतं. इतकं बारकाईने त्यांना दुसरं कुणी ओळखत नव्हतं.

“तुझा जप होतो का गं हल्ली?” त्यांनी शेवटी विचारलं.

निरूने परडी उचलली. “न व्हायला काय झालं?” ती म्हणाली, पण जाताना तिचा पाय पायरीवर अडखळला.

*

“ताई, मी तुम्हाला जबरदस्ती करणार नाही,” रेहाना मुल्ला फोनवर म्हणाल्या. “माझे अब्बा दर्ग्याचे सेवेकरी होते. काही गोष्टी सांगायच्या नसतात, हे मला घरातूनच माहीत आहे.”

“लिहून दिलं तर चालेल? बंद पाकिटात?”

“पाकीट उघडावं लागेल. त्यांचे वकील वाचतील, कारकून वाचेल, ते रेकॉर्डला जाईल. आणि खरं सांगू? तुमच्या तोंडून ऐकणं वेगळं. ‘पासवर्ड गुरुमंत्र आहे’ एवढंच म्हणालात तर ते म्हणतील, बाई आता रचून सांगतायत. पण तुम्ही तो म्हणालात, राउटरमधला तोच निघाला, तर अशी गोष्ट कुणी फोनवर सांगेल हे कराडात कुणाला पटायचं नाही. मग ती माहिती चोरीची ठरते, रेघा पुराव्यातून जातात आणि ऋजुता सुटते. नाही म्हणालात तरी मी लढेन. पण हातात फारसं काही नाही.”

“सुनावणी कधी?”

“गुरुवारी. अकरा वाजता. तोवर राउटरमधलं काही बदलू नका, तोच आपला पुरावा.”

वैजयंतीबाईंनी फोन ठेवला. ऋजुता दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“मावशी, नका सांगू. मी जाईन कुठेतरी. पुण्याला हॉस्टेल बघते.”

“देखरेखीचा आदेश निघाला तर पुण्यातून आणतील तुला.”

“पण तुमचं इतक्या वर्षांचं...”

“त्याचं काय करायचं ते माझं मी बघते. तू वाफ घेतलीस का?”

त्या दिवसांत जप बसत नव्हता. डोळे मिटले, पहिलं अक्षर मनात आलं, की काचेवर फिरणारा निरूचा अंगठा दिसायचा. माळेचा मणी पुढे सरकायचा आणि मन तिथेच अडकायचं. देवापुढे त्या रडल्या नाहीत. फक्त एकदा, तुळशीला पाणी घालताना, अप्पाबुवांना म्हणाल्या, “तुम्ही दोघींना एकच का दिलात हो?”

*

गुरुवारी उजाडता त्यांनी स्नान केलं. देवपूजा झाली. ऋजुताने उंबऱ्याशी बसून पाहिलं, की मावशी आज घाई करत नाहीत. उलट एकेक फूल निरखून वाहतायत.

मग त्या माळेला बसल्या. आणि इतक्या दिवसांनी जप लागला. निरू आली, अंगठा आला, पायऱ्यांवरचं हसूही आलं. त्यांनी कुणाला हाकललं नाही. सगळी येऊन बसली आणि मंत्र त्यांच्यामधून पाण्यासारखा वाहत राहिला. कोनाड्यातला दिवा हिरवा लुकलुकत होता. निळी रेघ कुठेतरी संथ होत गेली असणार. बघणाऱ्याने बघावी.

माळ संपली. एरवी त्या गोमुखी पिशवीत घालून बरोबर न्यायच्या, बाजारात जायचं असलं तरी. आज त्यांनी माळ डोळ्यांना लावली, गोल करून देवाच्या पायाशी ठेवली आणि तिच्यावर एक तुळशीपत्र वाहिलं. आपलं काही नव्हतं, दिलेलं होतं, ते परत करताना करावा तसा नमस्कार केला. उठताना त्यांनी देव्हाऱ्याच्या कडेला जरा जास्तच घट्ट धरलं.

“मावशी,” ऋजुता कुजबुजली, “अजून वेळ आहे. खरंच यायचंय तुम्हाला?”

मौन बारापर्यंत होतं. वैजयंतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पुढे होऊन तिची ओढणी खांद्यावर सारखी केली, तिच्या पर्समध्ये इन्हेलर आहे ना ते चाचपून पाहिलं. मग आपलं आधारकार्ड आणि चष्मा घेतला. आज मौन बाराच्या आधी सुटणार होतं, आणि सुटताना तोंडून पहिलं काय जाणार, हे त्यांनी ठरवलं होतं.

जिन्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, “वैजूताई, इतक्या सकाळी कुठे?”

वैजयंतीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, हसल्या, आणि ऋजुताचा हात धरून एकेक पायरी उतरू लागल्या.